वन्सं आणि सहावी काच

कोणी मोठं माणूस गेलं की वर्तमानपत्रात छापून येतं, "त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे." आमच्या वन्सं रोज सकाळी साडेनऊला पोकळी निर्माण करतात आणि दुपारी चारला ती भरून टाकून, हात धुऊन घरी येतात. त्यासाठी कोणाला जावं लागत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय सत्तावन्न, उंची बेताची, नाकावर माशी बसू द्यायची नाही असा खाक्या. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जसं एखाद्याचं छत्री न्यायचं राहून जावं. एका संशोधन संस्थेत त्या एक यंत्र चालवतात. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'पोकळीकाकू' म्हणतात आणि समोर नुसतं काकू. हे त्यांना माहीत आहे, आणि आवडतंही, पण तसं कबूल करणार नाहीत.

यंत्राची हकिगत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा थोडं सोसा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून मला ती माझ्या पद्धतीने कळली आहे. चांगल्या चष्म्याच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते ना, ती एका अतिशय पातळ थराची असते. केसाच्या जाडीचे पाच-सातशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. असला थर ब्रशने लावता येत नाही. मोठ्या हंड्याएवढं काचेचं झाकण असतं, त्याच्या आतली हवा पंपाने उपसून पोकळी करायची. खाली होडीच्या आकाराची, बोटभर लांबीची धातूची पट्टी असते. तिच्यात चांदी, किंवा जे काही असेल ते, ठेवायचं आणि पट्टीतून दणदणीत वीज सोडायची. पट्टी लालभडक होते, चांदी वितळते, तिची वाफ होते, आणि अडवायला हवा नसल्यामुळे ती सरळ रेषेत वर जाते. वर काचा पालथ्या अडकवलेल्या असतात. वाफ त्यांच्यावर जाऊन गोठते, की झाला थर.

"उकळत्या भांड्यावर झाकण ठेवलं की त्याला पाणी धरतं, तेच हे," असं वन्संनी मला पहिल्यांदा समजावलं होतं. "फक्त पाण्याऐवजी चांदी."

"मग ते शिकायला इतकी वर्षं कशाला लागतात?" मी विचारलं होतं. तेव्हा मी नवी होते आणि जिभेला हाड नव्हतं. आताही नाही म्हणा.

"वर्षं लागतात स्वच्छतेला," वन्सं म्हणाल्या, आणि माझ्या हातातला पेला काढून घेऊन उजेडात धरला. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात पेला बुडाशी धरून उचलतात. धुतलेल्या पेल्यावरून पाणी सलग पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. कुठे थेंब थांबला की तिथे तेल आहे, पुन्हा धुवा. डब्यांची झाकणं वन्संनी लावली असतील तर ती उघडायला माझा नवरा लागतो, आणि नवऱ्यालाही दोनदा श्वास घ्यावा लागतो. एकदा पाहुण्यांनी विचारलं, "तुमच्याकडे झाकणं इतकी घट्ट का?" तर हे शांतपणे म्हणाले, "आमच्या ताईला गळती सहन होत नाही."

संस्थेत त्या लागल्या बाविसाव्या वर्षी, काचा धुवायला. यंत्रावर तेव्हा एक म्हातारे मिस्त्री होते. ते पंपाच्या आवाजावरून आत किती हवा उरली ते सांगत. वन्सं काचा धुता धुता तो आवाज ऐकत राहिल्या. पाच वर्षांनी मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा संस्थेने नवा माणूस शोधायला घेतला, आणि मिस्त्री म्हणाले, "शोधताय काय? ती बघा, बेसिनपाशी उभी आहे." हे सांगताना वन्संचा आवाज अजूनही जरा बदलतो.

त्यांची नोंदवही म्हणजे संस्थेतली शेवटची साक्ष. दर वेळच्या कामाला एक पान. तारीख, दाब, वीज किती, वेळ किती, काचा किती आणि कशा लावल्या, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तीस वर्षांत एकतीस वह्या भरल्या आणि जवळजवळ प्रत्येक पानावर शेरा एकच: सर्व ठीक. मोठमोठी माणसं भांडायला लागली की कोणीतरी म्हणे, "काकूंच्या वहीत काय आहे ते बघा," आणि भांडण मिटे. मला विचाराल तर एवढं 'सर्व ठीक' माणसाच्या तब्येतीला बरं नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

आता त्या मुलीबद्दल. डॉक्टरेट करणारी, काडीसारखी बारीक, हसणं मात्र दोन मजले ऐकू जाईल असं. पाण्यात विषाचा अगदी कणभर अंश असला तरी पकडता यावा म्हणून चांदीचे थर दिलेल्या काचा तिला हव्या असत. वन्संचा तिच्यावर जीव होता. "पोरगी काच कडेने धरते," असं त्या घरी येऊन सांगत. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

एके दिवशी तिच्या सहा काचा लावायच्या होत्या. काचा वर धरून ठेवणाऱ्या चापांपैकी एकाची स्प्रिंग ढिली झाली होती. नवा चाप मागवायचा तर अर्ज, सही, आणि मग दोन महिने वाट. वन्संनी अंबाड्यातला आकडा काढला, वाकवला आणि चापाच्या जागी बसवला. यंत्राच्या आत बाहेरची वस्तू घालायची नाही, हा नियम त्यांनीच भिंतीवर लिहून लावलेला होता. पण तो दुसऱ्यांसाठी होता, असं धरून चालू.

दुपारी झाकण उचललं तेव्हा पाच काचा आरशासारख्या झाल्या होत्या. सहावी एका टोकाने सुटून लोंबत होती, जवळजवळ उभी. तिच्यावर चकाकी नव्हती, दुधात राख कालवल्यासारखा मळकट थर होता. उष्णतेने आकडा सैलावला होता. वहीत लिहायला हवं होतं: सहावी काच घसरली. पण ते लिहायचं तर का घसरली तेही लिहावं लागलं असतं. वन्संनी आकडा परत अंबाड्यात खोचला, सहाही काचा डबीत ठेवल्या, रकान्यात लिहिलं 'काचा सहा, सर्व सरळ. सर्व ठीक', आणि घरी आल्या. खराब काच पोरगी फेकून देईल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पोरगीने ती फेकली नाही. असं का झालं असेल म्हणून तिने ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातली. चांदीचा सपाट थर तिथे नव्हताच. दाट, तिरपे, एकेक वेगळे दांडे उगवले होते, ब्रशच्या केसांसारखे, पण इतके सूक्ष्म की डोळ्यांना नुसती राख दिसावी. आणि त्या काचेवर पाण्यातला विषाचा अंश असा लख्ख पकडला गेला, जसा आरशासारख्या काचांवर कधीच पकडला गेला नव्हता. तिचे मार्गदर्शक सर खूश. लगेच लेख लिहिला, पाठवला. छापणाऱ्यांनी उत्तर दिलं: छान आहे, पुन्हा करून दाखवा.

मग सुरू झालं. पुन्हा सहा काचा, पुन्हा सहा आरसे. चांदी बदलली, काचा बदलल्या, वीज कमी केली, वाढवली, पंपाचं तेलसुद्धा नवं घातलं. अकरा वेळा केलं. अकराही वेळा आरसेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. दर वेळी ती मुलगी विचारायची, "काकू, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का हो?" आणि वन्सं म्हणायच्या, "माझ्याकडे वेगळं काही होत नाही."

दांडे कोणत्या काचेवर उगवले हे पहिले काही दिवस त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. चोराच्या मनात चांदणं. सातव्या वेळी मुलगी आपणहून म्हणाली, "ती हो, सहावी, मळकट दिसत होती ती." तेव्हापासून वन्संना कळलं होतं. त्यानंतर चार वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्र चालवलं, आरसेच निघणार हे माहीत असून. माझं वन्संवर प्रेम आहे, आणि हे चार वेळचं मला अजून टोचतं. दोन्ही खरं आहे.

हे सगळं आम्हाला कळलं एका रविवारी. वन्सं सकाळपासून पेले धूत होत्या. धुतलेलेच पुन्हा. मी म्हटलं, "वन्सं, बस झालं, काच झिजेल."

त्या म्हणाल्या, "त्या पोरीला सरांनी काल विचारलं, लेखातला दांड्यांचा फोटो नक्की आपल्याच काचेचा आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तिने दुसरीकडचा फोटो लावला असेल असं त्यांच्या मनात आलंय. 'मी विचारत नाही, पण विचारणारे विचारतील,' म्हणाले. महिनाअखेरपर्यंत पुन्हा करून दाखवलं नाही तर लेख मागे घ्यायचा आणि तिला चौकशी समितीपुढे उभं करायचं. दार उघडं होतं, मी ऐकलं. ती बाहेर आली आणि माझ्या स्टुलावर बसून राहिली. रडली नाही. हसलीही नाही." मग पाण्याचा नळ बंद करून त्यांनी आकड्याची सगळी गोष्ट सांगितली. माझा नवरा पेपर वाचत होता, तो त्याने खाली ठेवला.

"पण काच वाकडी होती म्हणूनच दांडे आले कशावरून?" हे म्हणाले.

"वाफ सरळ वर जाते रे. काच समोर असली तर सगळीकडे सारखी बसते. काच तिरकी असली तर आधी जे कण बसले त्यांची सावली मागच्यांवर पडते, सावलीत काही बसत नाही, पुढचेच उंच होत जातात. पुस्तकांत आहे हे. सरांनाही माहीत आहे. त्यांनी माझी वही उघडून बघितली होती. 'काच तिरकी असती तर समजलं असतं, पण इथे सर्व सरळ लिहिलंय,' म्हणाले आणि वही मिटली."

मी त्यांच्या हातातला ओला पेला काढून घेतला.

"मी खोटं नव्हतं गं लिहायचं ठरवलं," वन्सं म्हणाल्या.

"पण लिहिलंत ना. आणि तुमच्या वहीवर कोणी संशय घेतला नाही, म्हणून तो पोरीवर घेतला. तुमच्या पाटीवर ओरखडा नको, म्हणून तिची पाटी फुटायची का, वन्सं?"

ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. वन्सं मात्र रागावल्या नाहीत. हात पुसले आणि म्हणाल्या, "उद्या तू येशील माझ्याबरोबर?" तीस वर्षांत त्यांनी आम्हाला कोणाला तिथे नेलं नव्हतं. मी दुकानात रजा सांगितली.

ती खोली मी मनात फार मोठी धरली होती. निघाली आमच्या स्वयंपाकघराएवढी. मधे यंत्र, कोपऱ्यात पंप, भिंतीशी बेसिन, आणि वन्संच्या अक्षरातला नियम: आत बाहेरची कोणतीही वस्तू घालू नये. वन्सं सरांकडे आधी गेल्या नाहीत. मुलीला बोलावलं, स्वतः उभ्या राहिल्या, आणि एका दमात सांगून टाकलं. काच घसरली होती. आकडा माझा होता. मी लिहिलं नाही. नंतर कळलं तेव्हाही बोलले नाही.

"अकरा वेळा विचारलं मी तुम्हाला," मुलगी म्हणाली. "अकरा वेळा, काकू. मला वाटायला लागलं होतं की मलाच वेड लागलंय."

वन्संनी मान खाली घातली. त्यांची मान खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला एकदम रडू आलं. त्यांच्यासाठी की पोरीसाठी, ते तेव्हाही ठरवता आलं नाही.

सर आले. उंच, सुरकुतलेल्या शर्टातले, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. (चष्मा स्वस्तातला होता, झाक उडालेली. मी काही बोलले नाही.) सगळं ऐकून ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आधी करून दाखवा. मग बघू कोणी कोणाला काय बोलायचं ते."

मुलीने कोनमापक आणून काच तिरकी बसवायला एक छोटी पट्टी वाकवायला घेतली. वन्सं म्हणाल्या, "ते नंतर. आधी त्या दिवशी झालं तसंच," आणि अंबाड्यातून आकडा काढला. सरांनी डोळे मिटून घेतले. मला भीती वाटली की हसू फुटेल. असल्या वेळी मला नेहमी फुटतं.

सहावी काच या वेळी मुद्दाम लोंबती ठेवली. झाकण खाली आलं, पंप घरघरायला लागला. दोन तास नुसती वाट. मुलगी दाबाच्या काट्याकडे बघत होती आणि वन्सं डोळे मिटून पंप ऐकत होत्या. मग त्यांनी वीज वाढवायला सुरुवात केली. आत पट्टी आधी काळसर, मग लाल, मग नारिंगी झाली, आणि तिच्यातल्या चांदीच्या तुकड्यांचा एक थरथरता थेंब झाला. तो बघताना आपण कशाला आलोय तेसुद्धा मी क्षणभर विसरले. वन्संनी पट्टी आणि काचा यांच्या मधली झडप उघडली, मोजून अकरा मिनिटांनी मिटली.

थंड व्हायला आणखी तास. झाकण उचललं. पाच आरसे आणि एक मळकट काच.

"मळकट असणं म्हणजे दांडे नव्हेत," सर म्हणाले. ती काच कडेने धरून मुलगी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीकडे गेली. वन्संना तिने चला म्हटलं नाही. आम्ही दोघी स्टुलांवर बसून राहिलो. वन्संनी बेसिन घासायला काढलं. ते स्वच्छच होतं.

पाऊण तासाने ती आली. धावत नाही, चालतच. कागदावर छापलेला फोटो बेसिनच्या कडेला ठेवून म्हणाली, "आहेत." एवढंच. दाट, तिरपे, ब्रशच्या केसांसारखे. माझा जीव भांड्यात पडला. वन्संनी फोटोला हात लावला नाही. त्यांचे हात ओले होते. सरांनी मुलीला म्हटलं, "मी चुकलो. फोटोबद्दल विचारायला नको होतं मी." ती त्यांनाही काही बोलली नाही. तो तिचा हक्क होता.

वन्संना लेखी समज मिळाली. त्यांनी त्या जुन्या पानावर तांबड्या शाईने लिहिलं: सहावी काच घसरली होती, चाप नव्हता, मी केसांचा आकडा वापरला, नोंद चुकीची केली. खाली तारीख आणि सही. सरांनी छापणाऱ्यांना जे उत्तर पाठवलं त्याला त्या पानाची प्रत जोडली. म्हणजे ते पान आता कुठल्या कुठल्या देशांतले लोक वाचून बसले आहेत. "झाकली मूठ होती, ती साऱ्या जगात उघडली," असं त्या घरी म्हणाल्या, पण त्या रात्री खूप दिवसांनी पोटभर जेवल्या.

मुलगी मात्र महिनाभर कामापुरतंच बोलत होती. काच किती अंशांत धरली की दांडे कसे येतात, याचं पुढचं सगळं काम दोघींना मिळूनच करायचं होतं. तिने एक नवी पद्धत पाडली. झाकण खाली यायच्या आधी ती टॉर्च मागायची आणि एकेक चाप, एकेक काच स्वतः तपासून मगच वहीत वन्संच्या सहीखाली आपली सही करायची. तीस वर्षांत वन्संचं काम कोणी तपासलं नव्हतं. पहिल्या दिवशी घरी आल्या त्या थेट पेले धुवायला उभ्या राहिल्या. मी विचारलं, "वाईट वाटलं?" तर म्हणाल्या, "वाटलं. टॉर्च मीच धरला होता." पुढे पुढे सांगायला लागल्या, "आज तिने एक चाप ढिला पकडला, मला दिसला नव्हता." सांगताना अशा खुशीत की जणू पकडला त्यांनीच.

शेवटचं मला त्या मुलीनेच सांगितलं, पदवी मिळाल्यावर घरी आली तेव्हा. तोवर तिचं दोन मजली हसणं परत आलेलं होतं. प्रबंधासाठीची शेवटची सहा काचांची खेप होती. वन्संनी काचा लावल्या, वहीत लिहिलं, सही केली आणि टॉर्च पुढे केला. मुलगी म्हणाली, "राहू द्या, काकू. तुम्ही लावल्यात म्हणजे ठीकच असणार." आणि सही करायला तिने पेन उचललं.

वन्संनी वही तिच्या हाताखालून ओढून घेतली.

"आधी बघ," त्या म्हणाल्या. "मग सही."

मुलीने पेन खाली ठेवलं, टॉर्च घेतला आणि वाकून पहिल्या काचेपासून बघायला सुरुवात केली.